चेंडू कोणीं टाकावा?

शाळा सुटल्यावर मैदानावर सॉफ्टबॉलचा खेळ मांडला म्हणजे एक गोष्ट नेहमीं दृष्टीस पडते. "बॅट प्रथम कोणास पाहिजे?" असें विचारतांच सगळे हात वर होतात. "पहिल्या बेसवर कोण उभा राहील?" या प्रश्नासही चार-पांच जण पुढें येतात. परंतु "पिचर कोण होणार?" हे शब्द तोंडांतून निघाले कीं माना खालीं जातात, कोणी बुटाची नाडी बांधूं लागतो, कोणाला एकाएकीं तहान लागते, आणि मुली तर एकमेकींच्या पाठीमागें दडतात. बोरीवर दगड मारतांना ज्यांचा हात क्षणभरही कचरत नाहीं, तींच मुलें हातांत चेंडू घेऊन सर्वांसमोर उभें राहण्यास कां भितात, हा प्रश्न शिक्षकांनीं व पालकांनीं विचार करण्याजोगा आहे, असें मला वाटतें.

ज्या वाचकांस हा खेळ अपरिचित असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. इसवी सन १८८७ मध्यें अमेरिकेंतील शिकागो शहरीं कांहीं तरुणांनीं मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली, आणि छपराखालींच बेसबॉलची नक्कल आरंभिली. त्या थट्टेंतून हा खेळ जन्मास आला. आज त्याच्या संघांत नऊ खेळाडू असतात. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू. त्यानें हात खांद्यावरून न आणतां खालून आणून चेंडू सोडावयाचा असतो. मोठ्या स्त्रियांच्या सामन्यांत पिचर व होम प्लेट यांमध्यें ४३ फूट आणि पुरुषांच्या सामन्यांत ४६ फूट अंतर असतें. प्लेटची रुंदी अवघी १७ इंच. तिच्यावरून, बॅट घेतलेल्याच्या गुडघ्यापासून काखेपर्यंतच्या पट्ट्यांतून चेंडू गेला तर तो स्ट्राइक. तसा न गेला व त्यानें बॅटही फिरविली नाहीं, तर तो बॉल. तीन स्ट्राइक झाले कीं बॅटवाला बाद. चार बॉल झाले कीं त्याला पहिला बेस फुकट.

येथेंच भीतीचें मूळ आहे. क्रिकेटमध्यें गोलंदाजाचे सहा चेंडू झाले कीं दुसरा गडी चेंडू घेतो आणि पहिल्यास दम खाण्यास अवसर मिळतो. सॉफ्टबॉलमध्यें तसें षटक नसतें. पिचर बदलतां येतो हें खरें. पण बदलेपर्यंत प्रत्येक चेंडू त्याच्याच हातून निघतो. दूर उभ्या असलेल्या मुलाच्या हातून झेल सुटला तर तो थोड्या वेळांत विसरला जातो. पिचरचा चुकलेला चेंडू मात्र पंच मोठ्यानें मोजतो, आणि सगळें मैदान तें ऐकतें. मुलांना भीति वाटते ती या मोजणीची.

ही भीति त्यांच्या मनांत कोणीं घातली? दुसऱ्यांकडे बोट दाखविण्यापूर्वीं माझाच एक अपराध सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं इयत्ता आठवींतील एक मुलगी माझ्या हाताखालीं खेळत असे. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभी राहून गोफण फिरविलेला तिचा हात होता. चेंडू असा सरळ येई कीं झेलणारीचा तळवा झणझणे. एका सामन्यांत तिनें लागोपाठ दोघींना चार-चार बॉल दिले. मी रेषेबाहेरून सर्वांदेखत ओरडलों, "इतकेंही जमत नाहीं काय?" तिनें उत्तर दिलें नाहीं. डाव संपल्यावर चेंडू माझ्या हातांत ठेवला आणि "सर, मी मागेंच उभी राहीन," एवढेंच म्हणाली. पुढें दोन वर्षें ती शाळेंत होती. तिनें पुन्हां चेंडू टाकला नाहीं. मीं दोन वेळां आर्जव केलें, तें व्यर्थ गेलें. तो सामना आम्ही जिंकलों कीं हरलों हें मला आज आठवत नाहीं. पण तिचें तें वाक्य आठवतें.

तेव्हांपासून मीं आपली रीति बदलली. आरंभीं बॅट, पंच व मोजणी हीं तिन्ही दूर ठेवावीं. भिंतीवर खडूनें एक चौकोन काढावा, मुलाला २० फुटांवर उभें करावें, आणि रोज दहा-पंधरा चेंडू टाकूं द्यावे. चौकोनांत किती गेले हें त्याचें त्यानेंच मनांत ठेवावें. हात स्थिर झाला म्हणजे चार पावलें मागें सरकवावें. नंतर झेलण्यास त्याचा जिवलग मित्र बसवावा; मग बॅट घेऊन नुसता उभा राहणारा मुलगा; आणि सर्वांच्या शेवटीं खरा फटका मारणारा. एका पायरीवर अडचण आली तर मागच्या पायरीवर येण्यांत कमीपणा नाहीं, हें आधींच सांगून ठेवावें.

शिकवितांनाही मुलाच्या ओळखीच्या कामापासून आरंभ करावा. आमच्या भोकरदन तालुक्यांत पुष्कळ मुलांना गोफण ठाऊक आहे. गोफणींत धोंडा घालून हात फिरवितांना जोर सगळ्या फेऱ्यांत वाढत जातो, पण धोंडा कोठें जाणार हें दोरी सोडण्याच्या क्षणावर अवलंबून असतें. पिचरचेंही तसेंच आहे. हात पुढून वर, वरून मागें व खालीं असा पूर्ण फिरतो. त्याच वेळीं पुढचा पाय प्लेटच्या दिशेनें पडतो. आणि हात कमरेशीं येतांच मनगटाच्या झटक्यानें चेंडू सुटतो. तो लवकर सुटला तर जमिनीकडे जातो, उशिरा सुटला तर डोक्यावरून. एवढें समजलें म्हणजे चुकलेला चेंडू मुलाला लाजेचा विषय वाटत नाहीं. "सर, उशिरा सुटला," असें तो आपण होऊन सांगतो. शिक्षकानेंही एका वेळीं एकच दोष दाखवावा. पाय, मनगट व नजर या तिहींविषयीं एकदम बोललें कीं मुलाच्या हातून तिन्ही जातात.

अशा सरावाचें मोल केवढें असतें, याचें उदाहरण आपल्या पुण्यांत घडलें आहे. बाळू पालवणकर हे चर्मकार कुळांत जन्मलेले गृहस्थ पुण्यांत इंग्रजांच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखण्याची नोकरी करीत असतां तेथील फलंदाजांना, विशेषेंकरून ग्रेग यांना, सरावासाठीं तासन्‌तास गोलंदाजी करीत. त्यांना स्वतःला फलंदाजी करूं देत नसत. तो अन्याय होता, व त्याची थोरवी गाण्याचें कारण नाहीं. पण त्या असंख्य चेंडूंनीं त्यांचा डावा हात असा घडविला कीं, १९११ सालीं हिंदी संघाबरोबर ते इंग्लंडला गेले तेव्हां त्या दौऱ्यांत त्यांनीं ११४ गडी बाद केले.

मुलींनीं जपानच्या युकिको उएनो यांचें नांव लक्षांत ठेवावें. २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकमध्यें त्यांनीं दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले. त्यांपैकीं पहिला सामना अमेरिकेनें जिंकला होता; दुसऱ्या दिवशीं त्याच अमेरिकेस हरवून जपाननें सुवर्णपदक मिळविलें. टोकियो येथील ऑलिंपिक २०२१ सालीं झालें, तेव्हां वयाच्या ३९ व्या वर्षीं त्या पुन्हां सुवर्णपदक विजेत्या संघांत होत्या. ज्यांच्याकडून आज हार झाली त्यांच्याच पुढें उद्यां चेंडू घेऊन उभें राहणें, हें त्यांच्यापासून घेण्याजोगें आहे.

कोणी म्हणेल, "हें सर्व ठीक; पण शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. एक सामना हरला कीं घरचा रस्ता. मग शिकाऊ मुलाच्या हातीं चेंडू कसा द्यावा?" हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. हसनाबादसारख्या गांवाहून मुलांना जिल्ह्याच्या ठिकाणीं खेळावयास नेणें म्हणजे प्रवासाचा खर्च, पालकांची मनधरणी व बुडालेले तास हें सर्व आलें. पण उलट बाजूही पाहा. सगळा भार एकीवर टाकला, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ती घरीं राहिली, कीं उरलेल्या आठ जणींचें वर्षभराचें श्रम वायां जातात. शिवाय वाढत्या वयाच्या खांद्याला अति श्रम सोसत नाहींत. हात खालून आणला म्हणून दुखापत होत नाहीं, हा समज चुकीचा आहे. उएनो यांचे ४१३ चेंडू ही पूर्ण तयारीच्या प्रौढ खेळाडूची गोष्ट आहे. चौदा वर्षांच्या मुलीकडून तशी अपेक्षा करणें निर्दयपणाचें होईल.

म्हणून माझी सूचना अशी. बाहेरच्या स्पर्धेस तयार पिचर खेळवावा. पण शाळेंतील वर्गावर्गांच्या सामन्यांत, जेथें हरण्यानें कोणाचें कांहीं बुडत नाहीं, तेथें प्रत्येक डावाला नवा पिचर असा नियम करावा. सामन्यांत सात डाव असतात. म्हणजे नवांपैकीं सात जणांच्या हातीं एका दिवसांत चेंडू जाईल. चार बॉल झाले तर फुकट बेस न देतां शिक्षकानें एक-दोन सोपे चेंडू स्वतः टाकून खेळ पुढें चालवावा. पुढचा डाव हंसणाऱ्याचाच असूं शकतो, हें ठाऊक झाल्यावर हंसणारे आपोआप कमी होतील.

या नियमांत दोघांस सूट राहते, तीही मला इष्ट वाटते. कारण सक्ति करूं नये. महिनाभर प्रामाणिकपणें प्रयत्न करूनही ज्याला मागें उभें राहणें आवडतें त्याला तेथें राहूं द्यावें. झेल घेणाराही संघाला हवाच असतो. परंतु चेंडू हातीं न घेतांच "मला येत नाहीं" असें म्हणणें, आणि घेऊन पाहून "मला दुसरें काम आवडतें" असें म्हणणें, यांत पुष्कळ अंतर आहे. पालकांसही विनंती कीं, सामना पाहून मूल घरीं आलें म्हणजे "किती बॉल दिलेस?" हा प्रश्न त्यांनीं प्रथम विचारूं नये.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सत्रांत मी पुन्हां तोच प्रश्न विचारणार आहें. त्या वेळीं कोणाच्या बुटाची नाडी सुटलेली असली तर त्यानें ती खुशाल बांधावी; पण बांधून झाल्यावर पुढें यावें. पहिले दहा चेंडू कोणी मोजणार नाहीं, हें माझें वचन. आणि रेषेबाहेर मी गप्प उभा राहीन, हेंही.