खड्ड्याच्या नावावर बिल फाडणं बंद करा

आज संत्र्याचं नाही, कपाशीचं नाही, चारचाकीचं लिहून राहिलो. शेतीच्या पेजवर हे कशाला, असं ज्याला वाटते त्याने आपल्या अंगणातली गाडी आठवावी. मागच्या सीटवर कॅरेट, डिक्कीत खताची बॅग, आणि रविवारी त्याच गाडीत बायको-लेकरं.

परवा साळ्याची कार आमच्या पांदणीतून डांबरी रस्त्यावर चढताना मटकन खाली बसली. समोरचं डावं चाक तिरपं होऊन मडगार्डात घुसलं. स्पीड असेल पंधराचा, म्हणून कोणाला खरचटलंही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे हीच गाडी सगळ्यांना घेऊन समृद्धीने शिर्डीला निघणार होती. तिथे कारला 120 ची मर्यादा आहे. पुढचं लिहीत नाही.

जमलेल्या लोकांचा निकाल पाच मिनिटांत लागला, "खड्ड्यानं बॉल जॉइंट तोडला." माझा राग याच वाक्यावर आहे. रस्ते खराब आहेतच. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 198अ आलं. रस्त्याच्या निकृष्ट कामामुळे कोणी मेला किंवा अपंग झाला तर ठेकेदाराला, यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड आहे. त्यांना सोडू नका. पण हा जॉइंट खड्ड्याने नाही मारला. तीन महिन्यांपासून तो मरून राहिला होता आणि ओरडून सांगून राहिला होता.

बॉल जॉइंट म्हणजे आपल्या खुब्याचा सांधा. वाटीत बसलेली लोखंडी गोळी. खालच्या आर्मला चाकाशी तीच जोडते, म्हणून चाक वर-खालीही होते आणि वळतेही. ट्रॅक्टरच्या समोरच्या एक्सलला निप्पल असते, आपण ग्रीसगन घेऊन बसतो. आजच्या बहुतेक कारच्या बॉल जॉइंटला निप्पलच नाही. कारखान्यात भरलं तेवढंच ग्रीस, आणि त्याची राखण करायला एक रबरी बूट. हे बूट फाटलं की खेळ सुरू. पावसाळ्यात चिखलाचं पाणी आत, उन्हाळ्यात फुफाटा आत. ग्रीसमध्ये बारीक माती कालवली की काय होते ते इंजिनवाल्याला विचारा. व्हॉल्व घासायची पेस्ट होते. वाटी झिजत जाते, गोळी ढिली होते आणि एक दिवस निसटते. तो दिवस खड्ड्यात उजाडेल नाहीतर अंगणात गाडी मागे घेताना.

साळ्याच्या गाडीत सगळी लक्षणं होती. गतिरोधकावर टक-टक, स्टेअरिंग एका बाजूला ओढणं, टायर आतून घासलेला. यावर त्याने काय केलं? अलाइनमेंट. तेही दोनदा. ढिल्या जॉइंटवर अलाइनमेंट म्हणजे हलत्या खुंट्याला दोर आवळून बैल बांधणं. ज्याने केलं त्याने पैसे घेतले, खाली वाकून नाही पाहिलं. "चालते भाऊ, एवढं काही नाही." हे "चालते" आपल्या भागातलं सगळ्यात महाग वाक्य आहे. त्याच्याही वर वाटीला वेल्डिंगचा टाका मारून देणारे आहेत. बऱ्याच जॉइंटच्या आत प्लास्टिकसारखं अस्तर असते, ते टाक्याच्या उष्णतेने वितळते. वरून घट्ट, आतून खलास. आणि धुताना गाडीखाली डिझेल फवारणारे तर वेगळेच. डिझेल रबराचं वैरी आहे, हे स्प्रे पंपाचे वॉशर बदलणाऱ्या माणसाला मी सांगावं का?

"कंपनी फिटिंग आहे, निर्धास्त राहा" हेही खरं नाही. टोयोटाने 2005 मध्ये अमेरिकेत याच बॉल जॉइंटपायी सुमारे पावणेआठ लाख गाड्या परत बोलावल्या. पण तिथे लोकांनी तक्रारी नोंदवल्या होत्या. आपल्याकडेही 1 एप्रिल 2021 पासून सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेचा दोष निघाला तर सरकार रिकॉलचा हुकूम काढू शकते. त्यासाठी ठरलेल्या प्रमाणात मालकांच्या तक्रारी पाहिजेत. आपण मात्र खड्ड्याला शिव्या देऊन घरी. नवीन गाडीचा जॉइंट लवकर गेला तर जुना पार्ट भंगारात टाकू नका, बिलासोबत ठेवा आणि तक्रार नोंदवा.

सरकारी तपासणीच्या भरवशावरही राहू नका. पीयूसीत धूर पाहतात. खाजगी कारची फिटनेस पाहायची वेळ पंधरा वर्षांनी येते. समृद्धीवर आरटीओने टायर तपासायला घेतले, चांगलं केलं, पण टायर उभ्याने दिसतो. बूट पाहायला पाठ मातीला लावावी लागते.

घरी पाहता येते. बहुतेक छोट्या कारमध्ये बॉडीखाली जॅक लावून चाक लटकतं ठेवा. खालच्या आर्मवर स्प्रिंग बसलेली मोठी गाडी असेल तर जॅक त्या आर्मखालीच, चाकाजवळ लावा, नाहीतर ढिलेपणा लपतो. जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका, लाकडी ठोकळे द्या. चाक वर-खाली धरून हलवा, मग टायरखाली सब्बल घालून अलगद उचला. दुसऱ्याने जॉइंटवर नजर ठेवावी. तिथे खेळ दिसला की बदला. आडवं धरल्यावर चाक हललं तर संशय टाय रॉड एंडवर. बूट फाटलं असेल तर आवाजाची वाट पाहू नका. कितीतरी गाड्यांत जॉइंट आर्मसकटच मिळतो, महाग पडतो, मान्य. बदलल्यावर अलाइनमेंट करा, आता त्याला अर्थ आहे.

साळा अजूनही म्हणून राहिला, "भाऊजी, खड्डाच मोठा होता." निघालेला जॉइंट मी ओट्यावर ठेवला आहे. गोळी बोटाने गरगर फिरते आणि वाटीत काळी माती आहे, आमच्याच पांदणीची. उद्या फवारणी नाही. सकाळी आठला आमची गाडी जॅकवर घेतो, जवळपासच्यांनी आपली आणावी. सब्बल माझी, ठोकळे तुम्ही आणा.