सकाळी कॉलेज, दुपारी शेअर बाजार

मुलांनो, गेल्या महिन्यात एका रविवारी दारात माझी जुनी विद्यार्थिनी उभी! चौथीत तेराचा पाढा म्हणताना हमखास अडखळायची. आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी सातला कॉलेज आणि तिथून लोकल पकडून अकराला एका शेअर दलालाच्या कचेरीत. साडेतीनला बाजार बंद झाला, की दिवसभराच्या सौद्यांचा हिशेब जुळवायचा. घरी यायला रात्रीचे नऊ. तिच्या पगारातून धाकट्या भावाची फी जाते.

चहा घेता घेता म्हणाली, "बाई, कॉलेज सोडू का? अभ्यास होत नाही. नाहीतरी खरं शिक्षण कचेरीतच मिळतंय."

मी विचारलं, "आणखी काय काम करतेस तिथं?"

"कंपन्यांचे ताळेबंद संगणकात भरते."

"मग ताळेबंद बघून कंपनी बरी की वाईट, सांगता येतं?"

जरा गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "ते पुढच्या सत्रात आहे, बाई."

आम्ही दोघी हसलो. मग मी तिला वॉरन बफे यांची गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

अमेरिकेतल्या ओमाहा गावी 1930 साली जन्मलेल्या या मुलानं अकराव्या वर्षी पहिले तीन शेअर घेतले. पुढं घरोघरी वर्तमानपत्रं टाकून पैसे साठवले. हातात कमाई होती, त्यामुळं कॉलेज कशाला, असं त्यालाही वाटायचं. पण वडिलांनी आग्रह धरला. 1950 साली तो पदवीधर झाला. हार्वर्डनं प्रवेश नाकारला, तेव्हा तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. तिथं बेंजामिन ग्रॅहम हे गुंतवणूकशास्त्राचे नामांकित शिक्षक होते.

आपले सर एका विमा कंपनीचे अध्यक्ष आहेत, हे वॉरनला वाचनात कळलं. जानेवारी 1951 मधल्या एका शनिवारी तो आगगाडीनं थेट वॉशिंग्टनला गेला. कचेरी बंद! पठ्ठ्या दार ठोठावत राहिला. शेवटी झाडलोट करणाऱ्यानं दार उघडलं. आत एकच अधिकारी काम करत होते. त्यांनी या वीस वर्षांच्या पोराला चार तास विम्याचा धंदा समजावून सांगितला. त्याच वर्षी वॉरननं त्या कंपनीचे शेअर घेतले. पुढं 1996 साली त्याच्या कंपनीनं ती सबंध विमा कंपनीच विकत घेतली!

आता बघा हं, वर्गात शिकला नसता तर काय विचारायचं ते त्याला कळलं नसतं. आणि दार ठोठावलं नसतं तर शिकलेलं वहीतच राहिलं असतं. दोन्ही हवं.

ती म्हणाली, "पण बाई, त्याच्यावर भावाच्या फीचं ओझं नव्हतं."

खरंच होतं तिचं. मग मी तिला माझी गोष्ट सांगितली. डी.एड. झाल्यावर नोकरी लागली, तेव्हा मी बाहेरून बी.ए.ला बसले होते. एका वर्षी कामाच्या गडबडीत परीक्षा चुकवली. म्हटलं, पुढच्या वर्षी देऊ. ते पुढचं वर्ष अजून आलेलं नाही. म्हणून तिला म्हटलं, "नोकरी सोडू नकोस, कॉलेजही सोडू नकोस. परीक्षेपुरती रजा मागून तर बघ."

परवा तिचा फोन आला. दहा दिवस रजा मिळाली, पण बिनपगारी. ती भावाची फी दोन हप्त्यांत भरणार आहे. आणि मीही बी.ए.चा अर्ज आणलाय, बरं का!

आता तुमच्यासाठी हिशेब. 72 ला चक्रवाढ व्याजाच्या दरानं भागलं, की पैसे साधारण किती वर्षांत दुप्पट होतात ते कळतं. आठ टक्के असेल तर नऊ वर्षं. मग सहा टक्क्यांनी ठेवलेल्या शंभर रुपयांचे चारशे व्हायला किती वर्षं लागतील? दोनशे नाही, चारशे! नीट वाचा आणि कागदावर करून बघा.