पंचेचाळिशी ओलांडलेल्या प्रोग्रामरांचे मागणीपत्र

प्रति,
मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य, तसेच पुणे परिसरातील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची व्यवस्थापने

महोदय,

वायटूकेच्या, म्हणजे सन २००० च्या संगणक-समस्येच्या, भरतीत लागलेले आमच्या संघटनेचे सभासद आज पन्नाशीच्या आसपास आहेत. व्हिज्युअल बेसिक ६ ला मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये वाऱ्यावर सोडले, फॉक्सप्रोला २०१५ मध्ये. आमची विद्या जुनी झाली, हे आम्ही नाकारत नाही. पण ग्राहकाचा जुना प्रकल्प सांभाळायला माणूस हवा म्हणून आम्हाला तिथेच ठेवले गेले. बदली मागितली की उत्तर ठरलेले: "तुमच्याशिवाय प्रकल्प चालणार नाही." प्रकल्प संपला की तोच माणूस बेंचवर म्हणजे बिनकामाचा, मग पीआयपी (कामगिरी सुधार योजना), आणि एके दिवशी एचआरच्या खोलीत राजीनामा टाइप करून तयार. कारण 'वैयक्तिक'. सही केली तरच रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, असे सांगितले जाते.

ही सहीच आमच्या मुळावर येते. औद्योगिक संबंध संहिता, २०२० नुसार कपात झालेल्या कामगाराला भरपाई आहेच. शिवाय कलम ८३ खाली मालकाने त्याचे १५ दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचे आणि ते ४५ दिवसांत त्याच्या खात्यात जमा व्हायचे. राजीनामा दिला की यातले काहीही मिळत नाही. नवे काम शिकण्याची ज्याला सर्वाधिक गरज, त्याचाच हक्क त्याच्या सहीने बुडतो.

म्हणून पहिली आणि मुख्य मागणी: असा राजीनामा सात दिवसांत मागे घेता यावा. तक्रार आल्यास आयुक्तांनी तो कपात मानून चौकशी करावी. संहितेतील कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम स्पष्ट लिहिलेले आहे. 'लीड' किंवा 'मॅनेजर' असे नुसते पद चिकटवून आमचे कामगार असणे नाकारू नये.

दुसरी: १५ दिवसांच्या पगारात नवा व्यवसाय शिकता येत नाही. प्रकल्प बंद होण्याच्या सहा महिने आधी लेखी सूचना द्यावी आणि त्या काळात आठवड्याचा एक दिवस, कामाच्या वेळेतच, प्रशिक्षणासाठी द्यावा. हे प्रशिक्षण आमच्या अनुभवाला धरून असावे. मुदतठेवीच्या व्याजातले पैसे कुठे पूर्णांकात धरायचे, लीप वर्षात दिवस किती धरायचे, हे नियम अनेकदा कोणत्याही कागदावर नसतात. जुन्या कोबोल प्रोग्राममध्येच असतात. ते वाचून सांगणारा माणूस नव्या प्रणालीच्या चमूत बिझनेस ॲनालिस्ट किंवा टेस्टर म्हणून घ्यावा. बावीस वर्षांच्या मुलाशी कोडिंगच्या चाचणीत आमची शर्यत लावू नये.

तिसरी मागणी शासनाकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १५ वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' होता येते. पदवीची अट आड येत नाही. राज्यातील विद्यापीठांनी या जागा जाहिरात देऊन भराव्यात.

चौथी: नोकरी सुटल्यावर गट आरोग्य विमा वर्षभर चालू ठेवावा.

या मागण्यांवर २१ दिवसांत संयुक्त बैठक बोलवावी, ही विनंती. तोपर्यंत कोणाही सभासदाने 'वैयक्तिक कारणास्तव' या शब्दांखाली सही करू नये आणि आधी संघटनेशी संपर्क साधावा, असे आमचे आवाहन आहे.