बापाचा डगला आणि माझे शंभर मार्क

बापानं मला ओळख दाखवली नाही.

इथूनच सुरू करतो, कारण बाकीचं सगळं ह्याच्या नंतरचं आहे. कॉलेजात शेवटच्या वर्षाला समाजशास्त्राचा प्रकल्प होता. शंभर मार्क. चौघांचा गट. दोन पोरी पार्ल्याकडच्या, एक आमच्याच वस्तीतला बौद्ध पोरगा, चळवळीतला, शर्टावर निळा बिल्ला, आणि चौथा मी. मॅडमनी विषय दिला : ‘लग्नातील बँडपथक, एक सांस्कृतिक वारसा’. पोरी खूश. मी मान खाली घालून वहीत तारीख लिहिली. माझा बाप तीस वर्षं वरातीत क्लॅरिनेट फुंकतोय हे मी वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढं मी ‘खाजगी नोकरी’ लिहायचो. आता खाजगी तर खाजगी, रस्त्यावरून चालत केलेली.

मुलाखतीला मी मुद्दाम बापाची पार्टी सोडून दुसरी पार्टी निवडली. लांबची. आणि नेमका त्या दिवशी त्यांचा माणूस कमी पडला, म्हणून बाप तिथं बदली आलेला. गाळ्यात भिंतीला ड्रम टांगलेले, खिळ्यांना लाल डगले, आणि त्यातला एक डगला घालून बाप बाकड्यावर बसलेला. खांद्याला सोनेरी झालर, छातीवर खोटी पदकं, पायात फाटका कॅनव्हास. एका पोरीनं विचारलं, काका, ही कला तुम्ही कुठं शिकलात?

बाप म्हणाला, “कला कसली ताई. आज्जा हलगी वाजवायचा, बाप सनई, मी ह्ये. आमच्या वाट्याला वाजपच.”

मग माझ्याकडं बघितलं. नजर माझ्या पेनावर. म्हणाला, “लिवा साहेब, लिवा.”

साहेब! पोटच्या पोराला साहेब. मी लिहिलं, दोस्तहो. मी सगळं लिहून घेतलं आणि निघताना ‘थँक्यू काका’ म्हणालो. 

रात्री अकराला बाप आला. क्लॅरिनेटची पत्ती काढून फडक्यानं पुसत बसला. मी विचारलं, असं का केलंस? तर म्हणतो, “तुझ्या दोस्तांम्होरं तुझं नाक कशाला कापू?” आणि जेवायला बसला. खालचा ओठ आतून सोलवटलेला, भाकरीचा तुकडा एका बाजूनं चावत होता. ते मी रोज बघत होतो आणि कधी बघितलं नव्हतं.

त्या रात्रीनंतर मी प्रकल्प पहिल्यापासून लिहायला घेतला.

तर वारसा म्हणजे काय? बापाकडून पोराला येते ती इस्टेट. पार्ल्यात बापाकडून पोराला फ्लॅट येतो, दवाखाना येतो, वकिलीची खोली येते. आमच्याकडं सोललेला ओठ येतो आणि वाजप येतं. एवढाच थोर वारसा आहे तर घ्या की वाटून! तुमच्या पोराच्या गळ्यात बांधा तो बेस ड्रम आणि चालवा तीन तास मेच्या उन्हात, नवऱ्याचे दोस्त दारू पिऊन पुढं नाचतायत, नोट दातात धरून ‘बजाव’ म्हणतायत, त्यांच्या तालावर.

थांबा, तुमची पोरं ढोल वाजवतातच की. गणपतीत पुण्याच्या रस्त्यावर जाऊन बघा. पांढरे सदरे, भगवे फेटे, इंजिनिअर पोरं, डॉक्टर पोरी, महिनोन्‌महिने नदीकाठी सराव. त्याला म्हणतात पथक. वाजवणाऱ्याला म्हणतात वादक. पेपरात फोटो. आणि माझ्या बापाला म्हणतात, ए बँडवाले. चामडं तेच, टिपरू तेच. मग फरक कुठाय? ती पोरं वाजवून घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी इंजिनिअर असतात. बाप वाजवून घरी येतो आणि दुसऱ्या दिवशीही मांगच असतो. विटाळ वाद्यात नाही. कुणी कुणाच्या दारात वाजवायचं हे ज्यानं ठरवून ठेवलं, त्याच्या डोक्यात आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली जातीचा उच्छेद मांडताना हेच दाखवलं की इथं नुसती कामं वाटलेली नाहीत, कामं करणारी माणसंच वरखाली रचून ठेवलीत. हे मी आधी परीक्षेसाठी पाठ केलेलं. बापाच्या ओठावर वाचलं तेव्हा कळलं.

आता त्या डगल्याचं. बँड ही काय वेदकाळातली चीज नाही. इंग्रजांच्या पलटणींबरोबर ही पितळी वाद्यं आली. संस्थानिकांनी बघितलं, त्यांनी आपापले बँड काढले. मग लग्नात आलं. वाद्यं मेरठच्या जाली कोठीत बनू लागली, अजून बनतात. आणि वाजवायला कोण? गावोगाव ज्यांच्या गळ्यात आधीच हलगी अडकवली होती ते. हलगी काढली, ट्रम्पेट दिला, अंगावर कर्नलचा डगला चढवला. त्याच इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची पलटणीत भरती बंद केली होती आणि पुढं महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. म्हणजे डगला खरा असेल तर तो मिळवायला झगडावं लागतं, आणि खोटा असेल तर तो सुपारीबरोबर फुकट. कर्नलचा डगला घातलेला माझा बाप मांडवाच्या मागं, भांडी घासतात तिथं, पत्रावळ घेऊन उकिडवा बसतो. ‘नया दौर’मधलं ते जवानांचं गाणं, १९५७ चं, प्रत्येक वरातीत होतं. देशाच्या शूर जवानांचं गुणगान. फुंकतो कोण, त्याच्याकडं कुणी बघत नाही.

आणि हेच वाजप आमच्या स्वतःच्या वरातीत वाजलं की गाव पेटतं. उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यात निजामपूर गाव आहे. २०१८ साली तिथं एका दलित नवरदेवाची वरात पोलीस बंदोबस्तात काढावी लागली. दुसऱ्याच्या घोड्यापुढं वाजवा, स्वतः घोड्यावर बसू नका. लांब कशाला जाता, २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत आपल्या एका तरुणाचा खून झाला. कारण बातम्यांत आलं ते असं, की त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांचं गाणं वाजलं. म्हणून म्हणतो, वाजणं ही साधी गोष्ट नाही ह्या देशात.

हे सगळं मी लिहिलं. पार्ल्याच्या पोरी घाबरल्या, म्हणाल्या मार्क जातील. त्यांचा राग नाही, त्यातली एक नंतर बापाच्या पाया पडायला आली, बापानं तिला चहा पाजला आणि पाया पडू दिलं नाही. राग मला आला तो आपल्या निळ्या बिल्लेवाल्याचा. तो म्हणाला, “आम्ही हे कधीच सोडलं. तुम्ही अजून फुंकताय. सोडून द्या ना.”

आता तुमच्याशी बोलतो, मित्रांनो, कारण तुमच्यातले निम्मे असंच म्हणतात.

महारांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गावकीचं वाजप सोडलं, ते बरोबरच केलं. १९२७ च्या महाडनंतर किती गावांत त्यापायी बहिष्कार सोसला, मार खाल्ला, ते मी विसरत नाही. पण सोडायला हातात दुसरं काही धरावं लागतं. गिरणी, रेल्वे, लष्कर, शाळा, काहीतरी. माझा आज्जा १९७२ च्या दुष्काळात सांगलीकडून इथं आला तो हलगी घेऊन. त्याच्या हातात कुणी काय दिलं? २०२० च्या मार्चात टाळेबंदी लागली, ऐन लग्नसराईत. बापाची क्लॅरिनेट कित्येक महिने गाद्यांच्या खाली. मालकाकडून उचल घेतलेली, ती फेडायला पुढचे दोन सीझन गेले. तेव्हा ‘सोडून द्या’ म्हणणारा कोणी दारात पिठाची पिशवी घेऊन आला नाही.

आणि चौदा एप्रिलला काय करता? भिंतीएवढा डीजे आणता, तो मागेल तेवढे मोजता, कारण तो शेठ आहे. एका वर्षी हौस म्हणून बँड बोलावला, माझ्या बापाचा, तर तीनशे रुपयांसाठी घासाघीस केली. मिरवणूक संपल्यावर कार्यकर्ते आधी जेवले. बँडवाले फुटपाथवर. मी तेव्हा नववीत होतो, तुमच्याच पंगतीत बसलेलो, आणि मी उठलो नाही. हे माझ्याही नावावर लिहा.

तामिळनाडूकडं बघा. परई म्हणून ढोल आहे, मयताला वाजवायचा, अस्पृश्यांनी. जातीचं नाव त्यावरून पडलं आणि इंग्रजीत तर ती शिवीच झाली. तिथल्या आपल्या लोकांनी काय केलं? दुसऱ्याच्या मयताला वाजवणं नाकारलं, आणि ढोल मात्र हातातून टाकला नाही. आपल्या मोर्चात, आपल्या स्टेजवर वाजवतात. दिंडीगुलच्या दलित पोरींनी तर पथक काढलं, जो ढोल बाईनं शिवायचा नाही म्हणत, तो गळ्यात घालून. 

मार्क पडले बेचाळीस. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर म्हणाले, भाषा भावनिक आहे, अभ्यासकानं विषयापासून अंतर ठेवावं. म्हटलं, अंतर एकवीस वर्षं ठेवलं सर, दहा बाय दहाच्या खोलीत. ते हसले नाहीत. नंतर नोकरीचा फॉर्म भरला. वडिलांचा व्यवसाय : बँडवादक, क्लॅरिनेट. लिहिताना हात थरथरला, खोटं कशाला सांगू.

परवा जयंती समितीची बैठक झाली. मी तीन गोष्टी मागितल्या. बँडला डीजेच्या आधी आणि पूर्ण पैसे, घासाघीस नाही. बँडवाले कार्यकर्त्यांच्या पंगतीत, त्याच वेळी. आणि पत्रकावर त्यांची नावं. पहिलं मंजूर झालं, तिसऱ्यावर हशा झाला, दुसऱ्यावर कुणी काही बोललंच नाही. त्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्हीच लावा.

बाप शिकवायला तयार आहे. रविवारी सकाळी आठला, समाजमंदिराच्या मागच्या पटांगणात. एक क्लॅरिनेट, दोन साईड ड्रम, एक जुना युफोनियम आहे, त्याची एक कळ अडकते. पोरी आल्या तरी चालतील, उलट याच. आत्तापर्यंत पाच जण आलेत. तो निळा बिल्लेवाला पण आला, युफोनियम त्यानंच उचलला. पहिले पंधरा दिवस ओठ सोलतो. येताना तूप आणा.