'आम्ही' आणि 'आपण'



मराठीत एक सोय आहे, जी इंग्रजीत नाही. 'आम्ही उद्या विहारात जाणार आहोत' असे म्हटले, तर ऐकणारा त्यात धरलेला नसतो. 'आपण उद्या विहारात जाऊ' असे म्हटले, की तोही बरोबर येतो. इंग्रजीत या दोहोंसाठी एकच सर्वनाम आहे. सिंगापूरची राष्ट्रभाषा असलेल्या मलायमध्ये मात्र हा भेद आहे: 'कामी' म्हणजे आम्ही आणि 'किता' म्हणजे आपण. कोणाला 'आपण'मध्ये घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, हा प्रश्न व्याकरणाचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर व्याकरण देत नाही, समाज देतो. म्हणून या वेळी भाषा आणि समाज यांच्या परस्परसंबंधाचा विचार करू.

भाषा हा समाजाचा आरसा आहे, असे वारंवार सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. आरसा समोरच्या वस्तूत बदल घडवीत नाही, भाषा घडविते. समाजभाषाविज्ञान ही ज्ञानशाखा या दोन्ही दिशांचा अभ्यास करते, आणि तिच्या पायाभूत अभ्यासांपैकी दोन आपल्या फार जवळचे आहेत. जॉन गम्पर्झ या अभ्यासकाने उत्तर प्रदेशातील खलापूर या गावाच्या बोलीविषयीचे निष्कर्ष १९५८ साली प्रसिद्ध केले. अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींचे लोक रोज सवर्णांच्या शेतात व घरी राबत होते, तरीही त्यांची बोली वेगळी राहिली होती. कामापुरता संपर्क बोलीतील अंतर मिटवीत नाही. मैत्री आणि मुलांचे एकत्र खेळणे यांवर ते अवलंबून असते, हा त्या अभ्यासाचा सारांश. जातीने जेथे मैत्रीला बंदी घातली, तेथे शब्दांनाही बंदी झाली.

दुसरा अभ्यास महाराष्ट्रातला आहे. गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातील एका गावाविषयी लिहिले. त्यांच्या लेखनात त्या गावाचे नाव 'कुपवार' असे येते. जैन व लिंगायत कानडी बोलत, मुसलमान उर्दू बोलत आणि मराठी ही प्रामुख्याने अस्पृश्य व भूमिहीन मजुरांची घरची भाषा होती. शतकानुशतकांच्या व्यवहारामुळे या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली, की एका भाषेतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. असे असूनही शब्द वेगळेच राहिले आणि भाषाही वेगळ्याच राहिल्या. कारण घरे वेगळी, वस्त्या वेगळ्या, विवाहसंबंध वेगळे. समाजाचा संपूर्ण नकाशा तेथे व्याकरणात आणि शब्दसंग्रहात उमटला होता.

येथवर समाज भाषेला घडवितो, ही एक दिशा झाली. दुसरी दिशा आपल्या वाडवडिलांनी दाखवून दिली आहे. १९६० साली ब्राउन आणि गिलमन यांनी 'तू' आणि 'तुम्ही' यांसारख्या सर्वनामांमागे सत्ता व बंधुभाव ही दोन तत्त्वे असतात, असे मांडले. आपल्या आजोबा-पणजोबांना ते कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती. पाटलाच्या लहान पोराने साठ वर्षांच्या महाराला 'अरे धोंड्या' म्हणावे आणि त्याने वाकून 'जोहार' घालावा, ही गावगाड्याची भाषा होती. नावाला जोडलेला तो एक 'या' माणसाची पायरी ठरवीत असे.

'जोहार' गेला आणि 'जय भीम' आला, तेव्हा केवळ शब्द बदलला नाही. या अभिवादनाच्या प्रसाराचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. 'जोहार' खालून वर जात असे आणि त्याचे उत्तर 'जोहार' नसे. 'जय भीम'चे उत्तर 'जय भीम' हेच असते. बोलणारा आणि ऐकणारा एका पातळीवर आल्याशिवाय हे अभिवादन पूर्णच होत नाही. १९३८ साली मुंबई विधिमंडळात 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्यास विरोध करून बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला, तोही याच जाणिवेने. आपले नाव दुसऱ्याने ठेवावे, हे त्यांना मान्य नव्हते. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'समता', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' ही बाबासाहेबांच्या चळवळीतील पत्रांची नावे १९२० ते १९५६ या क्रमाने वाचली, तरी एका समाजाने स्वतःविषयीचा शब्द कसा बदलत नेला हे ध्यानात येते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घरोघरी सिद्धार्थ, राहुल, सुजाता, प्रज्ञा ही नावे आली आणि 'धोंड्या' मागे पडला.

आता सिंगापूरकडे वळू. भाषेच्या द्वारे समाज घडविण्याचे काम या देशाइतके जाणीवपूर्वक फार थोड्या देशांनी केले असेल. चार अधिकृत भाषा, १९६६ पासून माध्यमिक शाळांत सक्तीची दुसरी भाषा आणि १९७९ साली सुरू झालेली मँडरिन बोलण्याची मोहीम, हे त्याचे टप्पे. परिणाम जनगणनेत दिसतो. घरात मुख्यत्वे इंग्रजी बोलणारे २०१० साली ३२.३ टक्के होते, ते २०२० साली ४८.३ टक्के झाले. होक्कियन, तिओच्यू, कँटोनीज यांसारख्या चिनी बोली १४.३ टक्क्यांवरून ८.७ टक्क्यांवर आल्या. निरनिराळ्या चिनी गटांना जोडणारी भाषा मिळाली, हा लाभ खरा. अनेक घरांत आजी आणि नातवंडे यांच्यामध्ये समान भाषा उरली नाही, ही त्याची किंमतही खरी.

ती किंमत आपल्याही दारात उभी आहे. येथील शाळांत तमिळव्यतिरिक्त बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषा मातृभाषा म्हणून घेता येतात. त्यांत मराठी नाही. आपली बहुतेक मुले हिंदी घेतात आणि शाळेच्या कागदावर हिंदी हीच त्यांची 'मातृभाषा' ठरते. मराठी उरते ती केवळ घरात. भाषा टिकते ती आई-वडिलांकडून मुलांकडे जाण्याने, असे जोशुआ फिशमन यांनी १९९१ साली आग्रहाने प्रतिपादिले. शाळा आणि उत्सव यांची मदत होते. परंतु ते घराची जागा घेऊ शकत नाहीत.

येथे आपल्या कुटुंबांपुढे एक अडचण अशी उभी राहते, जी इतर मराठी कुटुंबांपुढे त्याच स्वरूपात नसते. कोणती मराठी द्यायची? आपल्यापैकी अनेकांची घरची बोली विदर्भाची वा मराठवाड्याची. शाळेत तिला 'अशुद्ध' म्हटले गेले. चारचौघांत तोंड उघडताच 'गाव कोणते, आडनाव काय' असे प्रश्न आले आणि त्या प्रश्नांचा रोख आपल्याला कळत होता. म्हणून कित्येकांनी घरची बोली मुलांपासून दूर ठेवली आणि इंग्रजी जवळ केली. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. इंग्रजीने आपल्याला जात न विचारणारी एक जागा दिली. बाबासाहेबांचे बहुतेक ग्रंथलेखनही इंग्रजीत आहे.

परंतु त्याच बाबासाहेबांनी पत्रे मराठीत चालविली, कारण त्यांना वस्तीतल्या माणसाशी बोलायचे होते. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, तेव्हा जिला साहित्यात प्रवेश नव्हता ती भाषा मराठी साहित्याच्या मध्यभागी येऊन बसली. 'अशुद्ध' हा भाषेचा गुण नव्हे, तो समाजाने दिलेला निवाडा आहे. आणि असे निवाडे फिरविता येतात, हे आपल्याच लोकांनी सिद्ध केले आहे.

तेव्हा आमची विनंती साधी आहे. मुलांना प्रमाण मराठी येवो न येवो, आजीची मराठी येऊ द्या. रविवारच्या दूरध्वनीवर आजीशी बोलताना आपण मध्ये दुभाषी होऊ नये. वंदना रोमन लिपीतून पाठ करून घेतली असेल, तर तिचा अर्थ घरच्या बोलीत सांगावा. 'जोहार' काय होता, तो का गेला, हे इंग्रजीत सांगता येईल. पण 'अरे धोंड्या'तला तो 'या' इंग्रजीत ऐकू येणार नाही. आणि ज्याला तो ऐकू आला नाही, त्याला 'जय भीम' हा केवळ एक नमस्कार वाटेल.

गावाच्या 'आपण'मध्ये आपल्याला जागा नव्हती. ती जागा आपल्या माणसांनी मराठीतच झगडून मिळविली. ती मिळविलेली जागा पुढच्या पिढीने न वापरताच सोडून द्यावी काय, याचा निर्णय कोणतेही मंत्रालय करणार नाही. तो आपल्या जेवणाच्या टेबलावर, रोज, नकळत होत असतो. तो जाणतेपणी व्हावा, एवढेच आमचे म्हणणे.

जय भीम.