समोर बसून बोला, मेसेज नंतर पाठवा



गेल्या आठवड्यातल्या व्हिडिओत मी म्हणालो होतो की नवीन दुकानदाराने पहिले तीन महिने रील बनवण्यापेक्षा काउंटरवर नीट बोलायला शिकावं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, आता कोणाला बोलायला वेळ आहे? गिऱ्हाईक रेट विचारतं, आपण रेट सांगतो, क्यूआर कोड दाखवतो, विषय संपला." व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून उत्तर इथे सविस्तर देतो.

माझं मत स्पष्ट आहे. समोरासमोर बोलता येणं हे धंद्यातलं सगळ्यात स्वस्त भांडवल आहे, आणि आपल्या पिढीने तेच सगळ्यात आधी मोडीत काढलंय. हे मी वरून सांगत नाही. मीही तेच केलं होतं आणि त्याची किंमत मोजली.

भिजलेली वही

आमचं सांगलीत भांड्यांचं दुकान आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं. स्टील, पितळ, तांबं धुऊन पुसून परत मांडता येतं. मिक्सर आणि कुकरचे खोके गेले ते गेले. पण उधारीची वही खालच्या कप्प्यात राहिली होती. पाणी ओसरल्यावर ती हातात घेतली, तर पानं एकमेकांना चिकटलेली आणि शाई पसरलेली. मी तेव्हा बीबीए करून चार-पाच वर्षं दुकानात बसत होतो. मनात हिशेब केला आणि सगळी उधारी बुडीत खात्यात टाकून मोकळा झालो.

वडील काही बोलले नाहीत. पुढच्या दोन-तीन महिन्यांत लोक एकेक करून यायला लागले. "अण्णा, माझे साडेचार हजार राहिलेत बघा." कोणाचं स्वतःचं घर पाण्यात गेलेलं, तो म्हणायचा, "दिवाळीनंतर देतो, विसरलो नाही." सगळी उधारी आली असं मी म्हणणार नाही, पण बराच मोठा भाग आला. हातात ना वही होती, ना कोणाची सही.

हे कशामुळे झालं? वडिलांनी वीस-पंचवीस वर्षं त्या माणसांशी बोलून ठेवलं होतं. कोणाची मुलगी कुठल्या कॉलेजात आहे, कोणाच्या शेतात यंदा हळद लागली की नाही, कोणाच्या वडिलांचं ऑपरेशन झालं, हे सगळं त्यांना माहीत असायचं. वही भिजली, पण ओळख शाबूत होती.

मी केलेला शहाणपणा

एवढं डोळ्यांनी पाहूनही मी काय शिकलो? "वही धोक्याची, म्हणून सगळं मोबाइलवर घ्या." ते बरोबरच होतं. चूक पुढे झाली. उधारीच्या अ‍ॅपमध्ये आपोआप मेसेज जाण्याची सोय होती, ती मी चालू करून टाकली.

आमच्याकडे एक आचारी काका अनेक वर्षांपासून माल घ्यायचे. पातेली, झारे, घमेली, पराती, सगळं आमच्याकडूनच. त्यांचे अठरा हजार थकले होते. एका आठवड्यात त्यांना तीन मेसेज गेले. चौथ्या दिवशी पूर्ण रक्कम खात्यात जमा. मी खूश! वडिलांना म्हटलं, "बघा अण्णा, न मागता वसूल झाले." त्यांनी एवढंच विचारलं, "ते स्वतः नाही आले?"

त्यानंतर चार महिने काका दुकानात फिरकले नाहीत. लग्नसराई सुरू झाली तरी नाहीत. शेवटी वडिलांनी मला त्यांच्या घरी पाठवलं. चहा आला, इकडचं-तिकडचं झालं, मग ते म्हणाले, "पैसे द्यायचेच होते रे. पण तुझी काकू मिरजेला दवाखान्यात होती. मी तिथं बाकावर बसलोय आणि तुझे मेसेज येताहेत. तुला एक फोन करता आला न्हाई?"

मला तोंड वर करता येईना. मी माफी मागितली. त्यांनी मोठ्या मनाने विषय मिटवला. पण त्या हंगामाचा मोठा माल त्यांनी दुसरीकडून घेऊन झाला होता, साधारण सत्तर हजारांचा. आता ते परत येतात, बोलतात. मात्र सगळी खरेदी आमच्याकडेच, हे पूर्वीसारखं राहिलं नाही.

अ‍ॅपची यात काही चूक नव्हती. समोरचा माणूस आत्ता कुठे बसलाय हे मेसेजला कळत नाही. मी स्वतः गेलो असतो, तर घराला कुलूप बघूनच कळलं असतं की काहीतरी झालंय.

बोलण्याचं कौशल्य म्हणजे नक्की काय?

खूप जणांना वाटतं, बोलता येणं म्हणजे गोड बोलणं, नाहीतर तोंडाचा पट्टा चालू ठेवणं. माझे वडील दिवसभरात मोजकं बोलतात. मी स्वतः लाजाळू होतो, कॉलेजात प्रेझेंटेशन आलं की घाम फुटायचा. तरी शिकता आलं. काउंटरवर शिकलेल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली: "काय पाहिजे?" च्या पुढचा प्रश्न विचारा. गिऱ्हाईक म्हणतं, पाच लिटरचा कुकर दाखवा. आपण तीन कंपन्यांचे काढून मांडतो. त्याऐवजी विचारा, "घरात किती माणसं?" उत्तर येतं, "आम्ही दोघंच, मुलगा पुण्याला असतो." मग तीन लिटरचा पुरतो, तसं सांगा. त्या दिवशी बिल कमी होईल. पण ते माणूस पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानाची पायरी चढताना तुमची आठवण काढेल.

आमच्या धंद्यात अजून एक सुंदर प्रश्न आहे. भांडं घेतलं की आम्ही विचारतो, "कोणाचं नाव घालायचं?" मशिन कुर्र कुर्र करत असतं आणि माणूस बोलायला लागतं. मुलीचं लग्न, नव्या घराची वास्तुशांत, भावाच्या पोरीचं बारसं. एकदा एक काकू सासूबाईंच्या नावाने देवळात द्यायला कळशी घेऊन गेल्या. नाव घालेपर्यंत आणि त्यानंतरही अर्धा तास त्या सासूबाईंच्या लोणच्याबद्दल सांगत होत्या. भवानी तेवढीच झाली होती, एक कळशी. पण खरं सांगू का? तो दिवस मला अजून आठवतो. धंद्यात पैशाशिवायही काही मिळतं, ते हे. दिवसाचे दहा-बारा तास दुकानात काढायचे असतील, तर माणसांत रस वाटलाच पाहिजे. नाहीतर दोन वर्षांत कंटाळून शटर खाली ओढाल.

दुसरी: थांबायला शिका. २००९ साली संशोधकांनी दहा भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होण्यात सरासरी फक्त २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. याचा अर्थ समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण मनात उत्तर जुळवायला लागलेलो असतो. गप्पांमध्ये हे चालतं, पण काउंटरवर महागात पडतं. गिऱ्हाईक म्हणतं, "थोडं महाग वाटतंय..." आणि आपण लगेच, "दादा, दोनशे कमी करतो!" अरे, त्याला कदाचित म्हणायचं असेल, "थोडं महाग वाटतंय, पण माल चांगला आहे, द्या." मनात एक-दोन मोजा. त्याचं पूर्ण होऊ द्या. घासाघीस करायचीच असेल तर तो करेलच.

तिसरी: टक्केवारीच्या भाषणांना भुलू नका. तुम्ही ऐकलं असेल की संवादात शब्दांचं महत्त्व फक्त ७ टक्के, आवाजाचं ३८ आणि देहबोलीचं ५५. माझ्या पहिल्या बॅचमध्ये मीही हे फळ्यावर लिहिलं होतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांवरून आलेत. त्यात एकेक सुटा शब्द आणि त्यामागची भावना एवढंच तपासलं होतं. सगळ्या संवादाला हे सूत्र लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलंय. म्हणून हात कसे ठेवायचे, मान किती हलवायची याचा क्लास लावण्यापेक्षा एक करा. गिऱ्हाईक समोर असताना मोबाइल उलटा ठेवा आणि त्याच्या तोंडाकडे बघा. बाकीचं आपोआप जमतं.

बँकेतही तेच

पापड-मसाल्याचा व्यवसाय करणाऱ्या ताई मला म्हणतात, "मला बोलताच येत नाही हो." त्याच ताई बचत गटाच्या मीटिंगमध्ये महिन्याचा हिशेब तोंडपाठ सांगतात! मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण पुढे अधिकाऱ्यासमोर बसावं लागतं. तो इंग्रजी ऐकायला बसलेला नसतो. महिन्याला किती माल जातो, कोण घेतं, मंदीच्या महिन्यात हप्ता कसा भरणार, हे तुमच्याच तोंडून त्याला ऐकायचं असतं. फाईल एजंटाने तयार केली असेल आणि आकडे तुम्हाला माहीत नसतील, तर ते पहिल्या दोन मिनिटांत उघडं पडतं. बचत गटात बोलता तसंच तिथे बोला.

मग मेसेज बंद करायचे का?

अजिबात नाही. रेट, फोटो, बिल, पत्ता, ऑर्डरची यादी हे लेखीच पाठवा. तोंडी ठेवलं तर "मी सहा सांगितले होते, तुम्ही आठ पाठवले" अशी भांडणं होतात. पण तीन गोष्टी मेसेजवर करू नका: उधारी मागणं, चूक कबूल करणं आणि "नाही" म्हणणं. या तिन्हीत समोरच्याचा मान अडकलेला असतो. जवळ असेल तर जाऊन भेटा, लांब असेल तर फोन करा. ठरलेलं पक्कं करायला नंतर मेसेज पाठवा.

कोणी म्हणेल, रोज दोनशे गिऱ्हाइकं असली तर प्रत्येकाशी कसं बोलणार? बरोबर आहे, नाही जमणार. मीही सगळ्यांशी बोलत नाही. रांग असताना गप्पा मारल्या तर मागचा वैतागतो. पण ज्यांनी अजून दुकान उघडलंच नाही, किंवा ज्यांच्याकडे दिवसाला पंधरा गिऱ्हाइकं येतात, त्यांनी दोनशेची काळजी आजच करू नये. आज तुमच्याकडे वेळ आहे. मोठ्या दुकानाकडे नेमकी तीच गोष्ट नसते.

या आठवड्याचा गृहपाठ

१. रोज किमान एका गिऱ्हाइकाला मालाशी संबंधित एक जादा प्रश्न विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

२. रात्री गल्ला मोजून झाला की तीन माणसांबद्दल आज काय नवीन कळलं ते वहीत लिहा. पुढच्या भेटीत त्याची चौकशी करा.

३. ज्याला तुम्ही उधारीचे मेसेज पाठवताय, त्यातल्या एकाला प्रत्यक्ष भेटा. पैशाचा विषय पहिल्या पाच मिनिटांत काढू नका. आधी घरचं विचारा.

तिसरा सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. मला काकांच्या दारात उभं राहून बेल वाजवायला दहा मिनिटं लागली होती. तुम्ही पाच मिनिटांत वाजवा.

काय झालं ते मला सांगा. आणि सांगलीत आलात तर दुकानात या. रील नंतर काढू, आधी चहा घेऊ.