विमान नंतर, आधी ग्राउंड क्लास नीट निवडा

बारामतीच्या एमआयडीसी भागात राहणाऱ्यांना विमानाचं अप्रूप उरलेलं नाही. गोजुबावी, कटफळच्या शिवारात कांदा काढणाऱ्या बाया प्रशिक्षणाचं छोटं विमान डोक्यावरून गेलं तरी मान वर करत नाहीत. कॉलेजच्या कट्ट्यावर बसलेल्या तुमच्यापैकी कुणीतरी मात्र हमखास वर बघतं. विमान कडबनवाडीच्या दिशेला ठिपका होईपर्यंत बघत राहतं. आजचा हा लेख त्या 'कुणीतरी'साठी आहे.

कमर्शियल पायलट व्हायचं म्हणजे फ्लाइंग स्कूल, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. प्रत्यक्षात सुरुवात होते ती कागदावरच्या परीक्षांपासून. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, या परीक्षा घेतं. एअर नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक हे त्यातले पेपर. प्रत्येकात किमान ७० टक्के गुण हवेत. शिवाय रेडिओवर बोलण्यासाठीची आरटीआर ही परीक्षा वेगळी. या अभ्यासाच्या शिकवणीला म्हणतात ग्राउंड क्लास.

आजवर या शिकवणीसाठी दिल्लीच्या द्वारका भागात खोली घेऊन राहायची पद्धत होती. मुंबई-पुण्यातही क्लास आहेत, पण तिथेही राहण्याचा आणि मेसचा खर्च आलाच. आता हाच अभ्यास इंदापुरात घरी बसून, बीएस्सी करता करता मोबाइलवर होतो. ही चांगली गोष्ट आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. वडिलांना उसाचं बिल कधी मिळेल याची खात्री नसलेल्या घरातल्या मुलीसाठी तर ही फार मोठी सोय आहे. अडचण वेगळीच आहे. दुकानं वाढली तशा जाहिराती वाढल्या, आणि 'आज रात्री बारापर्यंत पन्नास टक्के सूट' हे वाचून लोक फी भरू लागले. पायलटचा क्लास हा मोबाइलच्या सेलसारखा घ्यायचा नसतो.

म्हणून फी भरण्याआधी दोन कामं उरका. पहिलं मेडिकल. डीजीसीएच्या यादीवरच्या डॉक्टरांकडे आधी क्लास टू आणि मग क्लास वन तपासणी होते. रंग ओळखण्यातला दोष किंवा असंच काही इथे निघू शकतं, आणि ते एरवी आयुष्यभर लक्षात येत नाही. क्लासला हजारो रुपये भरल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. दुसरं काम कॉम्प्युटर नंबरचं. परीक्षेचा फॉर्म भरायला डीजीसीएकडून हा नंबर लागतो आणि त्यासाठी तुमच्या शिक्षणाच्या कागदपत्रांची पडताळणी व्हावी लागते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेत नावाचं स्पेलिंग वेगळं, आधारवर वेगळं, असं आपल्याकडे सर्रास असतं. ते आत्ताच दुरुस्त करून घ्या. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, हे दोन विषय देता येतात. कॉमर्सच्या पोरांनी लगेच निराश व्हायचं कारण नाही.

आता क्लासकडे वळू. जाहिरातीत 'डीजीसीए मान्यताप्राप्त' हा शब्द दिसला की आई-वडिलांना धीर येतो. इथे जरा थांबा. डीजीसीए मान्यता देतं ती फ्लाइंग स्कूलला, आणि त्यांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. २०२५पासून या शाळांची क्रमवारीही जाहीर होऊ लागली आहे. लेखी परीक्षेला बसण्यासाठी मात्र ठरावीक क्लासचं प्रमाणपत्र लागत नाही. घरी पुस्तकं वाचून स्वतःच्या जिवावर पेपर देणारे आहेत आणि पास होणारेही आहेत. त्यामुळे निव्वळ ऑनलाइन शिकवणी चालवणाऱ्याने हा शब्द वापरला तर सरळ विचारा, मान्यता कशाची आहे? कागद दाखवा. उत्तर गोलमाल आलं तर तिथेच काय ते समजून घ्या.

पुढची परीक्षा तुम्ही क्लासची घ्यायची. डेमो लेक्चर छानच असतं, ते छान असण्यासाठीच असतं. तुम्ही चालू बॅचचा, मधल्याच एखाद्या दिवसाचा पूर्ण तास बसून बघायची परवानगी मागा. आणि दोन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न रेग्युलेशनचा. १९३४चा एअरक्राफ्ट ॲक्ट जाऊन त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आणि १ जानेवारी २०२५पासून तो लागू झाला. आरटीआरचं कामही या कायद्याने दूरसंचार विभागाकडून डीजीसीएकडे आणलं. क्लासच्या नोट्समध्ये आणि रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत हे आलंय का? अजून जुन्याच कायद्याचे व्हिडिओ दाखवत असतील, तर तुम्ही शिळ्या भाकरीचे ताज्या भाकरीइतके पैसे मोजताय.

दुसरा प्रश्न आपल्या गावचा. एप्रिल-मे महिन्यात शिकाऊ विमानं भल्या सकाळी का उडतात? शिकवणाऱ्याने हे नुसतं 'ऊन असतं म्हणून' असं सांगितलं तर पुढे चला. नीट शिकवणारा असं सांगेल: आपलं पठार समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर धरा. प्रमाण वातावरणानुसार एवढ्या उंचीवर तापमान ११ अंश असायला हवं. दुपारी पारा ४० वर गेला, म्हणजे फरक २९ अंशांचा. एका अंशाला सुमारे १२० फूट, या ठोकताळ्याने साडेतीन हजार फूट वाढतात. म्हणजे विमान उभं आहे दोन हजारावर, पण हवा इतकी विरळ की इंजिन आणि पंख साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखे वागतात. धावपट्टीवर जास्त पळावं लागतं, आणि वर चढताना दम लागतो. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. ज्याने हे एकदा असं समजावलं, त्याच्याकडून शिकलेलं पोरगं प्रश्न कसाही फिरवून आला तरी अडत नाही.

इथेच खरा मुद्दा आहे. पेपर बहुपर्यायी असल्यामुळे प्रश्नसंच पाठ करून पास होणं शक्य आहे. कित्येक क्लास तेच विकतात. 'दोन महिन्यांत सगळे पेपर क्लिअर' याचा अर्थ बऱ्याचदा हाच असतो. प्रश्नसंच सोडवूच नका असं म्हणत नाही, सरावाला तो लागतोच. पण तो शेवटी. आधी हवामानासाठी आय. सी. जोशी, रेग्युलेशनसाठी आर. के. बाली, ही सगळ्यांना ठाऊक असलेली पुस्तकं हातात घेऊन, पेन्सिलीने खुणा करत वाचली पाहिजेत. त्यांचीही नवी आवृत्ती बघूनच घ्या, कारण वर सांगितलेला कायद्याचा बदल पुस्तकांनाही लागू आहे.

का एवढा आग्रह? २५ जुलै २०२२ आठवा. बारामतीहून निघालेलं एक छोटं शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. विमानात एकटी होती ती शिकाऊ पायलट, वय अवघं २२. ती जखमी झाली, पण वाचली. ते विमान का पडलं याची चर्चा इथे करायची नाही, तो तपास यंत्रणेचा विषय. सांगायचं एवढंच की 'सोलो' उड्डाणात शेजारची खुर्ची रिकामी असते. इंधन, वारा, ढग, उतरायला जवळची मोकळी जागा, याचा हिशोब त्या क्षणी तुमच्या डोक्यात असावा लागतो. पर्याय 'अ' की 'ब' असं तिथे कुणी विचारत नाही. भिगवणच्या पाणलोटावर हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला आपण सहलीने जातो. पायलटला तेच पक्ष्यांचे थवे वेगळ्या नजरेने बघावे लागतात. ही नजर ग्राउंड क्लासमध्ये तयार होते किंवा होतच नाही.

आता दूरस्थ शिक्षणाबद्दल तुमच्या स्वतःच्या मनाला विचारायचे प्रश्न. रात्री आठच्या लाइव्ह तासाला तुमच्या वाडीवर रेंज असते का? लाइट गेल्यावर काय? रेकॉर्डिंग मिळत असेल तर किती दिवस मिळतं? आणि शंका विचारायची सोय कशी आहे? तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकलेल्या प्रश्नाला कुणीतरी अंगठा दाखवतं, त्याला शंकानिरसन म्हणत नाहीत. आठवड्यातून एकदा तरी शिक्षक समोरासमोर, नाव घेऊन बोलतो का, ते पाहा. नॅव्हिगेशनमध्ये फ्लाइट कॉम्प्युटर नावाची गोल चकती फिरवायला शिकावी लागते. कॅमेऱ्यापुढे तुमचा हात बघून चूक दाखवणारा माणूस तिथे लागतो.

आरटीआरचं तर पूर्णच वेगळं. तिथे बोलावं लागतं. नऊला 'नाइनर', तीनला 'ट्री' म्हणायचं, टॉवरने सांगितलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इथे धडकी भरते. खरं तर गरज नाही. ही ठरलेल्या वाक्यांची भाषा आहे, सवयीने येते. पण व्हिडिओ बघून पोहता येत नाही, तसंच हे. एवढ्या भागासाठी छोट्या बॅचचा, बोलून घेणारा क्लासच घ्या, गरज पडली तर पंधरा दिवस पुण्यात जाऊन.

पैशाचं शेवटी, पण नीट ऐका. सगळ्या विषयांचं पॅकेज एकदम घेऊ नका. हवामान किंवा रेग्युलेशन असा एक विषय आधी घ्या, पेपर द्या, मग पुढचं ठरवा. टेक्निकल स्पेसिफिक हा पेपर तर विशिष्ट विमानाचा असतो. तुम्ही कुठल्या फ्लाइंग स्कूलमध्ये, कुठल्या विमानावर शिकणार हे ठरलेलं नसताना त्याची फी आधी भरायचं कारणच नाही. मध्येच सोडलं तर किती पैसे परत, हे तोंडी नको, लेखी घ्या. 'नोकरीची हमी' हे शब्द दिसले तर ती जाहिरात बंद करा, कुठलाही ग्राउंड क्लास ती हमी देऊ शकत नाही. आणि क्लासवाला परदेशातल्या एखाद्याच फ्लाइंग स्कूलचं नाव सारखं पुढे करत असेल, तर त्यात त्याचं काय, हे विचारायला लाजू नका.

लायसन्सला किमान २०० तास उड्डाण लागतं आणि सगळा खर्च आज चाळीस-पन्नास लाखांच्या घरात सहज जातो. आपल्याकडे हा आकडा म्हणजे बहुतेकांच्या घरची जमीन असते. त्यासमोर ग्राउंड क्लासची फी किरकोळ वाटते. पण याच टप्प्यावर तुम्हाला स्वतःची परीक्षा घेता येते. सहा महिने रोज चार तास, कुणी मागे न लागता, तुम्ही नॅव्हिगेशनची गणितं करू शकलात, तर वडिलांशी जमिनीबद्दल बोलायचा हक्क तुम्हाला आहे. दोन महिन्यांत लॉगिन करणंच विसरलात, तर थोडक्या पैशात मोठी गोष्ट कळली असं समजा. त्यात कमीपणा काही नाही.

एक विनंती बारामती आणि इंदापूरच्या कॉलेजांनाही आहे. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आपण गावोगाव उभ्या केल्या. धावपट्टी दाराशी असलेल्या तालुक्यात या परीक्षांच्या पुस्तकांचं एक कपाट, चार पोरांचं एक अभ्यास मंडळ आणि वायफाय असलेली एक खोली एवढं तर जमेल? ऑनलाइन शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त जाणवते ती सोबतीची उणीव. ती तरी आपण भरून काढू शकतो.

तोवर तुम्ही एक करा. आज विमान डोक्यावरून जाईल तेव्हा बघा जरूर, पण मग घरी येऊन वही उघडा. त्यात वर सांगितलेले प्रश्न लिहा आणि तीन क्लासना फोन लावा. जो प्रश्नांना कंटाळेल, त्याला यादीतून काढा. उरलेल्यातून निवड तुमची.